दुसऱ्याचं कुलूप

रौता, मिनेसोटा
९ जानेवारी २०२३

सिग्ने पोरी,

तुझ्या आईचं यंत्र माझ्याशी खोटं बोलतंय. पडद्यावर लिहितं, 'अडुसष्ट कार्यक्रम उतरले'. डिस्कमध्ये बघतो तर एकही नाही. खाणीतल्या जुन्या सुपरिंटेंडेंटची आठवण झाली. तोही रोज सगळं ठीक आहे असंच लिहायचा.

तू तिकडे अलास्कात वीजघर सांभाळत बसलीस, म्हणून नीट सांगतो. तुझ्या आईला, ऐलीला जाऊन तीन महिने होत आले. आपलं रेडिओ स्टेशन कुणा दूरच्या कंपनीनं घेतलंय. त्यांना गाणी आणि जाहिराती लावायच्या आहेत. तेरा वर्षं एक रविवार आड चाललेला तिचा 'शिफ्ट सुटल्यावर' त्यांच्या लेखी अडगळ. ३१ मार्चला दुपारी बारा वाजता जुनं कोठार पुसून टाकणार, असं पत्र आलंय. तीनशे अकरा कार्यक्रम आहेत. संपाच्या गोष्टी, विधवांच्या गोष्टी, सिलिकाच्या धुळीनं फुप्फुसं गेलेल्यांचा श्वास. सगळ्यांना प्रश्न विचारणारा आवाज तुझ्या आईचा. माणसं आधी खाणीत गाडायची आणि मग त्यांचा आवाजही गाडायचा! मी जिवंत असताना हे होणार नाही.

आजारपणात ऐलीनं यंत्राला सगळं कोठार आपोआप घरच्या डिस्कवर उतरवायला सांगून ठेवलं होतं. ते चालू आहे, पण वर सांगितलं तसं. फोन करू नकोस. खाणीतल्या दगड फोडणाऱ्या क्रशरनं एकतीस वर्षांत माझे दोन्ही कान खाल्ले, हे तुला माहीत आहे. ईमेलही नको. तुझं पत्र टेबलावर ठेवून, ओळीखाली बोट धरून मला टाइप करता येतं. पडदा एकच आहे, त्यावर चूक बघू की तुझा उपाय वाचू?

चुकीचा संदेश असा आहे: 'अशी फाइल किंवा असं फोल्डर अस्तित्वात नाही'.

तुझा मामा,
वाइनो

*

स्प्रूस बेंड, अलास्का
१८ जानेवारी

वाइनोमामा,

विमान आठवड्यातून दोनदा येतं, म्हणून लगेच लिहिते. इथलं इंटरनेट इतकं बारीक आहे की तीनशे कार्यक्रम मी उतरवायला घेतले तर निवृत्त होईन. तेव्हा हात तुझे, डोकं माझं.

यंत्र खोटं बोलत नाहीये. त्यात दोन प्रोग्राम आहेत. एक स्टेशनच्या कोठारातून कार्यक्रम उतरवतो, दुसरा ते उचलून डिस्कवर लावतो. दोघांना एकाच जागेचा पत्ता माहीत असायला हवा. तो पत्ता म्हणजे तिरक्या रेघांनी जोडलेली नावं: /डिस्क/ऐली/शिफ्ट. बहुतेक डिस्कचं नाव बदललंय. पहिला जुन्या पत्त्यावर माल टाकतोय आणि दुसरा नव्या पत्त्यावर शोधतोय.

तुला खाणीतलं उदाहरण देते. क्रशरखालच्या ज्या जागेला तुम्ही 'खोकला' म्हणायचात, ती ऑफिसच्या नकाशात 'हस्तांतर बिंदू चार' होती. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची. आई म्हणायची ते खोकल्यात गेले. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं बिंदू चारवर. मला कितीतरी वर्षं वाटायचं, की दोन माणसं मेली.

मागच्या पानावर तीन ओळी आणि मुख्य परवलीचा शब्द दिलाय. ओळी टाइप कर. जे उमटेल ते अक्षर न् अक्षर, जसंच्या तसं कागदावर उतरवून पाठव. 'साधारण असं काहीतरी' चालणार नाही. आणि खरं सांग, डिस्कची वायर कुणी काढली होती का?

सिग्ने

*

रौता
२८ जानेवारी

सिग्ने पोरी,

वायर मीच काढली. अंत्यविधीनंतर युनियनच्या हॉलमधली मोठी कॉफीची किटली इथे आणली होती. साठ माणसं आणि भिंतीत प्लग एकच. मिल्का म्हणाली, "काढ ती डबी, माणसं थंडीत उभी आहेत." हॉल तिच्याच हातात असतो, तिच्यापुढे कुणाचं चालतं? नंतर मी वायर परत लावली, पण यंत्राच्या दुसऱ्या भोकात. तेवढ्यावर यंत्र रुसेल हे मला काय ठाऊक!

तुझ्या तीन ओळींनी काम झालं. अडुसष्ट कार्यक्रम जुन्या पत्त्यावर पडून होते, ते सापडले. एक लावून बघितला. ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरवर तळहात ठेवला. ऐली बोलायची थांबली की थरथर थांबते, समोरचा बोलू लागला की पुन्हा सुरू होते. तिची थरथर बारीक आहे. मी ती ओळखायला शिकलोय.

पण पुढचं ऐक. आता नवाच संदेश येतोय. तू सांगितलंस तसा अक्षर न् अक्षर देतो: 'शिफ्ट फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. परवानगी नाकारली. मालक: ऐली. विनंती करणारा: वाइनो'.

मी तिथेच थांबलो. हाताला धरून थांबवल्यासारखं झालं. त्यावर तिचं नाव आहे.

वाइनो

*

स्प्रूस बेंड
६ फेब्रुवारी

मामा,

अरे, नाव आहे तर असू दे! आईनं डिस्क तिच्या खात्यातून तयार केली, म्हणून ती मालक. मी प्रोग्राम तुझ्या खात्यावर वळवला, म्हणून तू परका. मालक बदलायचा, एका ओळीचं काम. खाली लाल पेननं लिहिलीय. परवलीचा शब्द तुझ्याकडे आहेच, यंत्र तुला अडवणार नाही.

आई गेली, मामा. तिला राग येणार नाही. त्रेपन्न दिवस उरलेत आणि दोनशे त्रेचाळीस कार्यक्रम. पत्र जायला-यायला वीस दिवस लागतात. हे पत्र मिळालं की कॉफीसुद्धा न पिता ती ओळ टाइप कर.

सिग्ने

*

रौता
१५ फेब्रुवारी

सिग्ने,

ओळ टाइप केली नाही. कॉफी प्यायलो.

तू रागावशील. रागाव, पण शेवटपर्यंत वाच. तू विजेचं काम करतेस, तुला नियम माहीत आहे. तो नियम आमच्याकडे कसा आला हे मात्र माहीत नाही.

यंत्राच्या पोटात माणूस उतरणार असेल, तर उतरण्याआधी तो मुख्य खटका बंद करतो आणि त्यावर आपलं कुलूप लावतो. कुलूप लाल. त्यावर त्याचं नाव कोरलेलं, किल्ली त्याच्या एकट्याच्या खिशात. ते कुलूप एकच गोष्ट सांगतं: मी आत आहे. बाहेर टनामागे टन दगड खोळंबलेले असोत, साहेब फोनवर किंचाळत असो, ते कुलूप दुसऱ्यानं काढायचं नाही. माणूस कुलूप विसरून घरी गेला असं वाटलं, तरीही नाही. आधी तीन रकान्यांचा कागद भरायचा. मालकाला हाक मारली का? मालकाला शोधलं का? आत कुणी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं का? खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. मगच कुलूप कापायचा कटर हातात घ्यायचा.

हा कागद कंपनीनं दिला नाही. एकोणिसशे सत्याऐंशीत युनियननं तो हिसकावून घेतला. अकरा महिने लागले. मी हॉलमधल्या टेबलावर उभा राहून घसा फुटेपर्यंत बोललो. कंपनीचा वकील म्हणाला, "एका कागदासाठी एवढा आरडाओरडा?" मी म्हणालो, "एका कागदासाठी नाही, कागद नव्हता म्हणून मेलेल्या माणसासाठी!" तेव्हापासून हा गाव मला कुलूपवाला वाइनो म्हणतो. माझ्यामागे पोरं नाहीत, पुस्तक नाही. तो तीन रकान्यांचा कागद तेवढा आहे.

आणि तू मला सांगतेस, परवलीचा शब्द आहे, यंत्र अडवणार नाही. पोरी, कटरलाही कुणी अडवत नाही. कटर तर भिंतीवर टांगलेला असतो, कुणाच्याही हाताला येईल असा.

मला हे करायला सांगू नकोस. दुसरा रस्ता शोध.

वाइनो

*

स्प्रूस बेंड
२५ फेब्रुवारी

वाइनोमामा,

पत्र वाचून आधी चुलीत टाकावंसं वाटलं. मग वीजघरात गेले. माझ्या पॅनेलवर तीन कुलपं लटकत होती, त्यातलं एक माझं. मग लक्षात आलं की तू वेडा नाहीस. उशीर करतोयस, पण वेडा नाहीस.

रस्ता आहे. तुमच्याकडे सहा भोकांची कडी असायची ना? एका खटक्यावर सहा जणांनी आपापलं कुलूप लावायचं, कुणी कुणाचं काढायचं नाही. यंत्रातही तसं करता येतं. आईची मालकी तशीच ठेवायची, फक्त तुझं नाव तिच्या गटात घालायचं आणि गटाला लिहायची परवानगी द्यायची. मागे दोन ओळी दिल्यात. तिचं कुलूप तिथेच राहील, शेजारी तुझं लागेल. आता तरी हलशील?

कुलपाचा विषय निघालाच आहे, तर एक विचारते. कितीदा विचारावंसं वाटलं, प्रत्येक वेळी कॉफी आडवी आली. मी विजेच्या कामात का आले, ठाऊक आहे? बाबांच्या अहवालातल्या एका वाक्यामुळे. 'खटका बंद असताना विद्युत बिघाडामुळे दगड वाहणारा पट्टा सुरू झाला असावा.' वीस वर्षं मी असा बिघाड शोधतेय. रिले उघडून बघितले, जुने नकाशे मागवून वाचले. बंद खटक्यातून तेवढी मोटर आपोआप फिरेल असा बिघाड मला कुठेच सापडला नाही. तू त्या दिवशी हंगामी फोरमन होतास. तू काय पाहिलंस?

सिग्ने

*

रौता
८ मार्च

सिग्ने,

कडी लागली. तुझ्या दोन्ही ओळी टाइप केल्या, यंत्र खळखळ न करता चालू झालं. दोन दिवस सारखं उतरवत होतं. आज सकाळी मोजले, तीनशे अकराच्या तीनशे अकरा डिस्कवर आहेत. मिल्कानं हॉलच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात ३११ लिहिलं. आर्वोनं त्याखाली लिहिलं, 'आणि वाइनोला एकही ऐकू येत नाही.' हसलो सगळे. क्रशरवर तो माझा मेकॅनिक होता, तेव्हाही जीभ अशीच.

यादीत खाली एक नोंद उरलीय. तिला क्रमांक नाही. तू अक्षर न् अक्षर म्हणतेस म्हणून उतरवतो: 'विनाक्रमांक_वाइनो_लावू_नये. परवानगी नाकारली. किल्ली वाचता येत नाही. किल्लीचा मालक: ऐली'. इथेही कडी लावून बघितली. तर म्हणालं, 'किल्लीची परवानगी फार सैल आहे, नाकारली'. कडी काढून होतं तसं करून ठेवलं.

ती एक राहू दे. तीनशे अकरा आले, पुष्कळ झाले. कार्यक्रम म्हणून ती कधी लागलीच नव्हती.

इकडे बर्फ अजून कमरेएवढं आहे.

वाइनो

*

स्प्रूस बेंड
१८ मार्च

वाइनोमामा,

हे पत्र जलद टपालानं पाठवतेय. पायलटला सॅमन मासा दिलाय, तो स्वतःच्या हातानं पुढच्या विमानात ठेवणार आहे.

आधी कामाचं. जे कार्यक्रम कधी लागलेच नाहीत, ते स्टेशनच्या कोठारात वेगळ्या कपाटात असतात. ते कपाट आईच्या किल्लीनंच उघडतं. किल्ली म्हणजे तिच्या खात्यातली एक छोटी फाइल. ती एकाच माणसाची असेल आणि दुसऱ्या कुणाला वाचता येत नसेल, तरच कोठार तिला मानतं. म्हणून कडीचा उपाय इथे चालला नाही. इथे मालक बदलण्याशिवाय रस्ता नाही. बदलणारी ओळ मी सहा फेब्रुवारीला पाठवली होती, खाली पुन्हा देते. फक्त किल्लीचा पत्ता वेगळा आहे. ३१ तारखेला बारा वाजता ते कपाटही जाईल.

आता दुसरं. तू मला तीनशे अकरा आकडा दिलास, फळा सांगितलास, बर्फ किती आहे ते सांगितलंस. मी विचारलं होतं त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. आणि जी फाइल राहू दे म्हणतोस, तिच्यावर तुझं नाव आहे.

मी इथून काही करू शकत नाही. यंत्राजवळ तू एकटा आहेस. तू ती जाऊ दिलीस तर मला कधीच कळणार नाही, आणि तू 'वेळ संपली' म्हणालास तर मला मानावं लागेल. मी तुला हुकूम करत नाही, मामा. पण आईनं ते पुसलं नाही. इतका काळ तिच्या हातात होतं, एका बोटाचं काम होतं. तिनं पुसलं नाही.

सिग्ने

*

रौता
३१ मार्च, दुपारी

सिग्ने,

तुझं पत्र वाटेत वादळात अडकलं, परवा मिळालं. काल दिवसभर त्याच्यासमोर बसून होतो. आज सकाळी आठ वाजता आर्वोला आणि मिल्काला ऐलीच्या घरी बोलावलं.

युनियनच्या कपाटातून तीन रकान्यांचा एक कोरा कागद आणून ठेवला होता. मिल्का म्हणाली, "कुणाचं कुलूप काढायचंय?" मी म्हणालो, "ऐलीचं." तिनं कोट काढला आणि खुर्ची ओढून बसली. या दोघांचे ओठ मला वाचता येतात. आर्वो म्हणाला, "या कागदाची मी किती वर्षं वाट बघतोय, कुलूपवाल्या. सही कुठे करू ते सांग." नेहमीचीच थट्टा समजून मी म्हणालो, "आधी रकाने भरू दे."

मालकाला हाक मारली का? स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी तिला हाक मारली. किती मोठ्यानं ते मला कळत नाही, पण मिल्कानं तोंडावर हात ठेवला. मालकाला शोधलं का? ऑक्टोबरच्या चौदा तारखेला याच हातांनी तिच्या पेटीवर माती टाकली, तसं लिहिलं. आत कुणी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं का?

तिसऱ्या रकान्याशी थांबलो. दहा वाजले. आर्वोनं घड्याळाकडे बोट दाखवलं. तिथे काय लिहायचं ते मला माहीत होतं. आत कुणीतरी आहे. आत मी आहे. तसंच लिहिलं. दोघांनी सह्या केल्या. मग ती ओळ टाइप केली. दहा वाजून वीस मिनिटांनी फाइल उतरू लागली आणि दहा वाजून सव्वीस मिनिटांनी पूर्ण झाली. बारा वाजता कोठाराचं पान पडदाभर पांढरं झालं, त्यावर काही उरलं नाही.

आता ते ऐकण्याआधी तू हे वाच. कानांनी कळण्याआधी माझ्या हातचं कळू दे.

नोव्हेंबर १९८६. खोकल्यात दगड अडकला होता, क्रशर चार तास बंद. साहेब दर दहा मिनिटांनी रेडिओवर: "वाइनो, पट्टा फिरव नाहीतर उद्या फावडं धर." दगड निघालेला दिसत होता. खटक्यावर एकच कुलूप राहिलं होतं, सुलोचं, तुझ्या बाबांचं. त्याची शिफ्ट संपून अर्धा तास झाला होता. मला वाटलं, विसरला, घरी गेला, ऐलीच्या हातचं जेवत असेल. हाक मारली नाही. शोधलं नाही. आत बघितलं नाही. कटर भिंतीवर होता. मी कुलूप कापलं, खटका वर केला आणि बटण दाबलं. तीनही कामं माझ्या या हातांनी केली.

सुलो झाडू घेऊन आत होता. पुढच्या शिफ्टला साफ मिळावं म्हणून.

साहेबानं मला ऑफिसात बसवलं. म्हणाला, "खटका जुना होता. विजेचा बिघाड असणार. तुझ्या बहिणीला पेन्शन मिळेल, तुझी नोकरी राहील." मी होकारार्थी मान डोलावली. कंपनीनं घाई केली हे खरं, खोटा अहवाल त्यांनी लिहिला हेही खरं. पंचवीस वर्षं टेबलावर उभा राहून मी त्यांच्याबद्दल जे बोललो त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पण कटर माझ्या हातात होता, आणि ते सोडून मी बाकी सगळं बोललो. माझं प्रत्येक भाषण त्या एका वाक्याभोवती फिरत राहिलं आणि त्या वाक्यापर्यंत कधी पोचलं नाही.

तू वीस वर्षं जो बिघाड शोधलास, तो मी आहे.

२०१९ साली मे महिन्यात ऐलीनं मला स्टुडिओत बसवलं. कागदावर प्रश्न लिहून पुढे सरकवत होती. एका कागदावर लिहिलं होतं, 'सुलोबद्दल बोल.' मी बोललो. संपल्यावर उठलो आणि तिच्याकडे न बघता बाहेर आलो. त्यानंतर साडेतीन वर्षं दर बुधवारी तिच्याकडे जेवलो. दोघांनीही विषय काढला नाही. तिला काय वाटलं, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

डिस्कची पूर्ण प्रत सोबत पाठवतोय. त्यात ही फाइलही आहे. तिच्यावर कुणाचं कुलूप ठेवलेलं नाही. तीन रकान्यांचा कागद आत घडी करून ठेवलाय, तो तुझा.

मला उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

वाइनो

*

स्प्रूस बेंड
१४ एप्रिल

मामा,

तीन दिवस मी हा शब्द लिहू शकले नाही. आजही लिहिताना पेन अडलं. तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. ते खरं नाही आणि कदाचित कधीच होणार नाही. मी सहा वर्षांची होते. तू दर नाताळला मला घसरगाडीवरून ओढत न्यायचास आणि मला वाटायचं, बाबा असते तर असेच असते.

पण तुला एक सांगणं भाग आहे, कारण ते तुला माहीत नाही. माहीत असणं शक्यही नाही.

तू उठून गेलास तेव्हा टेप चालू होती. दार लागल्याचा आवाज येतो. मग कागद गोळा केल्याची खसखस. मग आई बोलते. तू पत्रांत उतरवलंस तसंच उतरवते, अक्षर न् अक्षर:

'सुलोचं कुलूप माझ्या स्वयंपाकघरातल्या खालच्या खणात आहे. त्याच्या सामानाच्या डब्यातून आलं. आर्वोला ते खडीत सापडलं होतं, त्यानं गुपचूप डब्यात ठेवलं. मी त्याला विचारलं नाही, त्यानं मला सांगितलं नाही. कुलपाची कडी कटरनं कापलीय. वीज कुलूप कापत नाही. तेहेतीस वर्षं मला माहीत होतं. माझा भाऊ दर बुधवारी येतो, त्या खणाच्या शेजारी बसून जेवतो. मी वाट बघत होते. आज बोलला. हे मी लावणार नाही आणि सिग्नेला मी सांगणार नाही. ते त्यानं सांगायचं.'

एवढंच. मग ती खुर्ची सरकवते आणि टेप संपते.

आर्वो थट्टा करत नव्हता, मामा.

आता ऐक. २८ एप्रिलला खाणीत गेलेल्यांची आठवण करायला सगळे हॉलमध्ये जमतात. मी रजा काढलीय, सव्वीस तारखेला पोचते. त्या दिवशी ती फाइल हॉलमध्ये लागेल. सुरुवातीपासून, आईच्या शेवटच्या वाक्यापर्यंत. मिल्काला कळवलंय. फळ्यावरचा ३११ पुसून ३१२ करायला सांगितलंय. तू बंद खोलीत ते बोललास. या वेळी सगळ्यांसमोर बसशील, पुढच्या रांगेत. उठून जायचं नाही.

आईच्या खालच्या खणातलं कुलूप काढ आणि हॉलमधल्या टेबलावर ठेव. त्याला पॉलिश करू नकोस.

तुला काही ऐकू येणार नाही. मी शेजारी बसेन. मांडीवर वही असेल, हातात पेन्सिल. टेपवर जे जे बोललं जाईल ते लिहून तुझ्यापुढे सरकवत जाईन, तुझं आणि आईचं. एक शब्द गाळणार नाही. तूही मान वळवायची नाहीस. वाचायचं.

सिग्ने